वृद्धांसाठी घरात करावयाच्या बदलांना सरकारी मदत मिळते का?

तिसरा मजला (पुणे)

नमस्कार. माझे वडील ८१ वर्षांचे असून निवृत्त शिक्षक आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन गेला. त्यातून ते बरेच सावरले, पण डावा हात आणि डावा पाय अजून पूर्ण साथ देत नाहीत. तीन आठवड्यांपूर्वी पहाटे कमोडवरून उठताना त्यांनी आधारासाठी समोरचा टॉवेल रॉड धरला, तो स्क्रू आणि प्लगसकट भिंतीतून सुटून त्यांच्या हातात आला आणि ते कडप्प्याच्या उंबऱ्यावर पडले. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि पुढच्या आठवड्यात त्यांना घरी आणायचे आहे. रुग्णालयाने औषधांची यादी, टाके काढण्याची तारीख आणि बिल असे सर्व काही व्यवस्थित हातात दिले. ते ज्या घरात परतणार आहेत ते घर कसे आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

घर १९८३ सालच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. संडासाचे दार इतके अरुंद आहे की वॉकर आडवा केल्याशिवाय आत जात नाही, आणि वॉकर आडवा करायचा म्हणजे तेवढा वेळ तो सोडून उभे राहायचे. न्हाणीघराची फरशी बाहेरच्यापेक्षा चार बोटे खाली आहे. ठेकेदाराने दार रुंद करणे, फरशी बदलणे आणि आधाराचे दांडे बसवणे या सगळ्याचे मिळून एक लाख चाळीस हजार रुपये सांगितले आहेत. शस्त्रक्रियेनंतर लगेच एवढी रक्कम उभी करणे आम्हाला जड जात आहे. अशा बदलांसाठी शासनाकडून किंवा महापालिकेकडून काही साहाय्य मिळते का, आणि मिळत नसेल तर आधी काय करावे व काय मागे ठेवावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

फाईलवाला

ताई, मी नोकरीची बरीच वर्षे अशाच योजनांच्या अर्जांवर सह्या करण्यात घालवली आहेत, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो. ज्येष्ठ नागरिकाच्या राहत्या घरात दांडे, उतार, दारे किंवा फरशी यांसाठी पैसे देणारी सर्वसाधारण योजना केंद्राचीही नाही आणि राज्याचीही नाही. जे आहे ते सांगतो, म्हणजे निदान हेलपाटे वाचतील.

केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ मध्ये सुरू झाली. दारिद्र्यरेषेखालील किंवा अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना काठी, वॉकर, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कवळी, चष्मा अशी साधने तीत मोफत मिळतात आणि ती कानपूरच्या कृत्रिम अंग निर्मिती महामंडळामार्फत शिबिरे भरवून वाटली जातात. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेचा शासन निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. तीत ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यात एकदाच तीन हजार रुपये जमा होतात आणि त्यातून चष्मा, ट्रायपॉड काठी, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तू घ्यायच्या असतात. आपल्या वडिलांना निवृत्तिवेतन असल्यामुळे दोन्हींत ते उत्पन्नाच्या अटीवरच गळतील.

या याद्या ओळीने वाचत गेले की एक गोष्ट डोळ्यांवर येते. जे उचलून नेता येते ते यादीत आहे, आणि जे घराला जोडावे लागते ते यादीत नाही. कमोडची खुर्ची मिळेल, पण कमोडशेजारचा दांडा मिळणार नाही. वॉकर मिळेल, पण तो वॉकर जाईल एवढे दार मिळणार नाही. यामागे कोणाचा दुष्टावा नाही. वस्तू मोजता येतात, शिबिरात रांगेने देता येतात, वाटपाचा फोटो निघतो आणि लेखापरीक्षणात नग जुळतात. घरातल्या कामाला मात्र कोणीतरी घरी जावे लागते, माप घ्यावे लागते, अंदाजपत्रक करावे लागते, गवंडी गाठावा लागतो आणि काम झाल्यावर पुन्हा जाऊन पाहावे लागते. या साखळीसाठी आपल्याकडे पदच निर्माण झालेले नाही.

एक वाट मात्र तपासून पाहावी. दिव्यांगांसाठी स्थानिक स्वराज्य संस्थांनी ५ टक्के निधी राखून ठेवायचा असतो. अर्धांगवायूमुळे आलेले अपंगत्व तपासणीत ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरले, तर वडिलांना दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र मिळू शकते. हा निधी कशावर खर्च करायचा, हे प्रत्येक महापालिका आणि ग्रामपंचायत आपापले ठरवते, त्यामुळे महापालिकेच्या समाजविकास विभागात प्रत्यक्ष जाऊन या वर्षीच्या बाबी विचाराव्यात. प्रमाणपत्राचा दुसरा फायदा असा की वडील जुन्या करपद्धतीने विवरणपत्र भरत असतील, तर त्यांना उत्पन्नातून ७५ हजारांची वजावट मिळते. अपंगत्व ८० टक्के किंवा अधिक असेल, तर ती सव्वा लाखांची होते. घर दुरुस्तीसाठी नसली, तरी ही सवलत सार्वजनिक पैशातूनच आलेली असते.

राहून राहून खटकणारी गोष्ट शेवटी लिहितो. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयातील उपचार खुले झाले आहेत. हा निर्णय चांगलाच आहे. पण याचा अर्थ असा होतो की म्हातारा माणूस पडून त्याचे हाड मोडले तर सरकार लाखांत खर्च करायला तयार आहे, आणि तो पडू नये म्हणून लागणाऱ्या दोन हजारांच्या दांड्यासाठी त्याच सरकारकडे लेखाशीर्ष नाही.

करदाता

आपल्या वडिलांना लवकर बरे वाटो. तरीही एक विरोधी मत नोंदवतो. खाजगी फ्लॅटमध्ये नवी फरशी आणि नवे दार बसवले की त्या फ्लॅटची किंमत वाढते. पुण्यात स्वतःच्या मालकीचे घर असलेल्या कुटुंबाला हा खर्च सरकारने द्यावा, आणि ज्याला घरच नाही त्याने कराच्या रूपाने तो भरावा, हे मला न्याय्य वाटत नाही. आईवडिलांची सोय पाहणे हे मुलांचे काम आहे, आणि आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याने ते कर्तव्य म्हणून लिहूनही ठेवले आहे.

एदोगावाकर (तोक्यो)

करदाता यांच्या मुद्द्याला जपानमध्ये एक व्यवहारी उत्तर सापडलेले आहे, आणि ते मी माझ्या सासूबाईंच्या घरात उभे राहून पाहिले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

जपानने एप्रिल २००० मध्ये वृद्धांच्या शुश्रूषेचा सक्तीचा सार्वजनिक विमा सुरू केला. त्याला तिकडे काइगो होकेन म्हणतात. चाळिशी गाठलेला प्रत्येक रहिवासी त्याचा हप्ता भरतो, मीही भरतो, आणि साधारणपणे निम्मा पैसा हप्त्यांतून व निम्मा करांतून येतो. या विम्यात घरातील बदलांसाठी दोन लाख येनांपर्यंतचे काम धरले जाते. त्यातला एक दशांश वाटा आपण द्यायचा, उत्पन्न जास्त असेल तर दोन किंवा तीन दशांश, आणि उरलेला विमा देतो. माणसाची अवस्था सौम्य असो वा गंभीर, मर्यादा तेवढीच राहते. ती एकदम वापरायची सक्ती नाही. यंदा दांडे आणि दोन वर्षांनी दार, असे तुकडेही करता येतात. घर बदलले, किंवा माणसाला किती शुश्रूषा लागते याची ठरवून दिलेली पातळी तीन पायऱ्यांनी वाढली, तर मर्यादा पुन्हा नव्याने सुरू होते.

कोणती कामे चालतात याची यादी छोटी आहे: दांडे बसवणे, उंचसखलपणा काढणे, घसरणारी जमीन बदलणे, उघडझाप करणाऱ्या दाराऐवजी सरकते दार बसवणे आणि उकिडवे बसायच्या संडासाच्या जागी कमोड घालणे. (उकिडवे बसण्याचा संडास त्यांच्याकडेही होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते.) शिवाय या कामांसाठी जे आनुषंगिक करावे लागते, तेही त्यात धरतात. दांडा पेलण्याइतकी भिंत मजबूत नसेल, तर आतून फळी घालून ती मजबूत करण्याचा खर्चही विमाच देतो. ताईंच्या टॉवेल रॉडची हकीकत वाचताना मला हे कलम आठवले. उलट, जुने झाले म्हणून काही दुरुस्त करणे किंवा घराला नवी खोली जोडणे त्यात बसत नाही. त्यामुळे सरकारी पैशाने फ्लॅटची किंमत वाढवण्याचा प्रश्नच फारसा उरत नाही, कारण न्हाणीघरातल्या दांड्यासाठी घराला जास्त भाव देणारा गिऱ्हाईक मी तरी अजून पाहिलेला नाही.

सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत आणि चिबाजवळ एकट्या राहतात. त्यांच्याकडे काम झाले तेव्हा केअर मॅनेजर, म्हणजे शुश्रूषेची आखणी करून देणाऱ्या, म्हणून नेमलेल्या बाई आधी घरी आल्या. त्यांनी सासूबाईंना काहीच विचारले नाही. फक्त म्हणाल्या, रोज सकाळी उठल्यापासून जे करता ते करून दाखवा. सासूबाई अंथरुणावरून उठल्या, भिंतीला हात लावत संडासात गेल्या, मग पायताण काढायच्या ओट्यापर्यंत आल्या आणि तिथे क्षणभर थांबून त्यांनी चपलांच्या कपाटाच्या कडेला बोटे टेकवली. कपाटाच्या त्या कडेचा रंग बोटभर जागेत गेलेला होता. बाईंनी तिथला फोटो काढला आणि एक उभा दांडा बरोबर त्या जागी लिहून टाकला. आम्ही कुटुंबीय त्या घरात वीस वर्षे ये-जा करत होतो, पण तो उडालेला रंग आमच्यापैकी कोणीही पाहिला नव्हता.

काम सुरू करण्याआधी बदलाचे कारण लिहिलेले पत्रक, अंदाजपत्रक आणि तारखेसह फोटो नगरपालिकेत द्यावे लागतात. आधी काम करून नंतर अर्ज केला, तर पैसे मिळत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांचे असेच गेले. काम संपल्यावर पावती आणि पुन्हा तारखेचे फोटो. कागदपत्रांची कटकट आहे, यात शंका नाही. सासूबाईंचे एकंदर काम १ लाख ३६ हजार येनांचे झाले आणि त्यांना १३ हजार ६०० येन भरावे लागले.

सेंगकांग

सिंगापूरचे थोडक्यात लिहिते. इथे बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या फ्लॅटमध्ये राहतात आणि मंडळ २०१२ पासून ज्येष्ठांसाठी ‘ईझ’ नावाची योजना चालवते. ६५ वर्षांवरील व्यक्ती घरात असेल, किंवा ६० ते ६४ वयाच्या व्यक्तीला रोजच्या हालचालींत मदत लागत असेल, तर न्हाणीघराच्या लाद्यांवर न घसरण्याची प्रक्रिया, आधाराचे दांडे आणि उंबऱ्याचे उतार करून मिळतात. घर जितके लहान, तितके अनुदान जास्त, आणि लहान घरांना ते ९५ टक्क्यांपर्यंत जाते. योजना नागरिकांच्या कुटुंबांसाठी असल्यामुळे माझ्या आईबाबांना ती लागू नाही. वरच्या मजल्यावरच्या आजोबांकडे काम झाले तेव्हा मी पाहायला गेले होते. मंडळच माणसे पाठवते, त्यामुळे ठेकेदार शोधायला लागत नाही. हे जमते, कारण साऱ्या इमारती एकाच मंडळाने बांधलेल्या आहेत आणि कोणत्या भिंतीत काय आहे ते त्याला ठाऊक आहे. आपल्याकडे म्हाडा आणि सिडको यांच्या वसाहतींत असे काही करून पाहता आले असते, असे मला नेहमी वाटते.

मापनपट्टी (लेस्टर)

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारी किंवा वृद्ध माणसाला रोजची कामे स्वतः करता यावीत यासाठी मदत करणारी. मराठीत व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात, पण तो शब्द ऐकून लोक नोकरी लावून देणारी बाई समजतात. इंग्लंडमध्ये याच कामासाठी लोकांच्या घरी जाणे हा माझा रोजचा उद्योग आहे, म्हणून आधी इथली पद्धत आणि मग ताईंच्या मूळ प्रश्नाचे उत्तर लिहिते.

इथे डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट नावाचे अनुदान आहे. नाव अपंगांचे असले, तरी ते घेणाऱ्यांत वृद्ध पुष्कळ असतात. इंग्लंडमध्ये त्याची कमाल मर्यादा ३० हजार पौंड आहे, आणि २००८ पासून ती तेवढीच राहिल्यामुळे मजुरी व सामान महागत गेले तसतशी ती आखूड पडू लागली आहे. प्रौढांच्या बाबतीत उत्पन्न आणि बचत तपासतात. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून सहा महिन्यांत कौन्सिलने, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेने, निर्णय देणे कायद्याने बंधनकारक आहे. पण त्या पूर्ण अर्जापर्यंत पोहोचण्यापूर्वीच, म्हणजे आमच्यासारख्यांची घरी भेट होईपर्यंत, लोकांना महिनोन्महिने थांबावे लागते, आणि या रांगेत असतानाच पडलेली माणसे मी पाहिलेली आहेत. यापेक्षा मला जास्त मोलाची वाटते ती दुसरी, कमी माहीत असलेली तरतूद: एक हजार पौंडांपर्यंतचे छोटे बदल, म्हणजे दांडा, जिन्याचा कठडा, पायरीचा उतार, हे गरज ठरल्यास उत्पन्न न पाहता मोफत करून द्यायचे असतात. करदाता यांच्या शंकेपुरते सांगायचे, तर मोठ्या अनुदानाने मालकीच्या घरात काम केले आणि ते घर दहा वर्षांच्या आत विकले, तर पाच हजार पौंडांवरच्या रकमेतून जास्तीत जास्त दहा हजारांपर्यंतची वसुली कौन्सिल करू शकते. म्हणजे न्याय्य-अन्याय्याचा प्रश्न तरतुदीनेही सोडवता येतो. त्यासाठी मदतच नाकारावी लागत नाही.

आता पुण्यातले घर. एक लाख चाळीस हजारांचे काम पुढच्या आठवड्यापूर्वी होणार नाही, आणि त्यातले बरेचसे आत्ता करायची गरजही नाही. माझ्या दृष्टीने क्रम असा असावा.

पहिली गोष्ट उंचीची. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बसक्या आसनावरून उठणे अवघड आणि काही वेळा धोक्याचेही असते. वडिलांना पाय जमिनीला टेकवून बसवा आणि गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजा. पलंग, खुर्ची आणि कमोड, तिन्ही त्या मापापेक्षा थोडे उंच हवेत. नेमके किती, ते शल्यचिकित्सकांना विचारून घ्या. पलंगाखाली लाकडी ठोकळे आणि कमोडवर बसवायचे उंच आसन, एवढ्यावर हे भागते. संडासाचे दार रुंद होईपर्यंत रात्रीपुरती कमोडची खुर्ची पलंगाशेजारी ठेवा. वडिलांना ते अपमानास्पद वाटेल, तेव्हा त्यांच्याशी आधी बोला, खुर्ची आणून ठेवल्यावर नव्हे.

दुसरी गोष्ट दांड्याची, आणि इथे आपल्याकडचे बहुतेक गवंडी चुकतात. दांडा कुठे जागा मिळते ते पाहून बसवायचा नसतो. माणसाचा चांगला हात जिथे आपोआप जातो तिथे तो हवा. वडिलांची उजवी बाजू चांगली असेल, तर कमोडच्या उजवीकडे आडवा दांडा आणि थोडा पुढे एक उभा दांडा लागेल. उजवीकडे भिंतच नसेल, तर जमिनीत रोवायचे किंवा मागच्या भिंतीवरून खाली दुमडणारे दांडे मिळतात. टॉवेल रॉड निघून आला, म्हणजे ती बहुधा चार इंची विटेची आडभिंत असावी आणि वरचा गिलावा सुटलेला असावा. तिथे नुसत्या प्लास्टिकच्या प्लगवर नवा दांडा लावू नका. भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडून पोलादी पट्टी द्या, किंवा तो भाग फोडून पक्का करून घ्या. काम झाल्यावर गवंड्यालाच त्या दांड्याला लोंबकळायला सांगा. मी गंमत करत नाही. आमच्याकडचा फिटर हेच करून दाखवतो.

न्हाणीघराची पूर्ण फरशी बदलणे मागे ठेवा. खुर्चीवर बसून अंघोळ, हाताळता येणारा शॉवर किंवा साधी बादली-तांब्या, आणि साबणाचा थर रोज घासून काढणे, यांनी सध्या चालेल.

ओसरी (वाळवा तालुका)

शहरातल्या मंडळींचे वाचून माहिती मिळाली. गावाकडचे दोन शब्द जोडतो. आमच्या भागात स्वच्छ भारत अभियानात घरोघरी शौचालयासाठी १२ हजार रुपये मिळाले आणि बांधकामे झाली. आमच्या आळीत ती बहुतेक परसात आहेत, जोते उंच असल्याने दोन-तीन पायऱ्या चढाव्या लागतात, भांडे उकिडवे बसायचे आहे आणि धरायला कडीशिवाय काही नाही. माझी आजी ती कडी धरूनच उठायची. दार आतल्या बाजूला उघडत असल्यामुळे ती उठताना दारही तिच्यावर यायचे. चुलत्यांनी शेवटी गोठ्यातला पाइप कापून सिमेंटात रोवला. त्याला जेमतेम साडेतीनशे रुपये लागले. बांधकामाच्या वेळीच अंदाजपत्रकात तेवढी एक ओळ असती, तर गावातल्या प्रत्येक शौचालयात तो पाइप असता, आणि त्यासाठी वेगळी योजना काढायचीही गरज पडली नसती.

तिसरा मजला (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. मापनपट्टी ताईंच्या सांगण्याप्रमाणे मोजले: वडिलांचे माप १७ इंच आले आणि पलंग १५ इंचांचा आहे, म्हणजे दोन वर्षे ते रोज खड्ड्यातून उठल्यासारखे उठत होते. दुसरी अडचण जिन्याची आहे. जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे. भिंतीच्या बाजूने स्वतःच्या खर्चाने पाइप लावू द्यावा, असा अर्ज मी सोसायटीकडे दिला, तर जिना अरुंद होईल आणि सामान नेताना अडचण होईल असे तोंडी उत्तर मिळाले. कठडा आहे ना, मग दुसरा कशाला, असेही विचारण्यात आले.

सचिव, मानद आणि नाइलाजाने (नवी मुंबई)

आमची इमारतही चार मजली असून लिफ्ट नाही, आणि वीस वर्षे मी खुर्चीच्या या बाजूला बसलेलो असल्यामुळे त्यांचा पवित्रा मला परिचित आहे. दुसरा कठडा कशाला, याचे उत्तर लेखी द्या: ज्या माणसाची एकच बाजू चांगली आहे, त्याला चढताना जो कठडा चांगल्या हाताला येतो, तोच उतरताना लुळ्या हाताला येतो. हे एक वाक्य आमच्या सभेत मी स्वतः करून दाखवले होते, एक हात खिशात घालून, आणि त्यानंतर विरोध करणारे गप्प झाले. भिंतीलगतचा पाइप तीन इंचांपेक्षा जास्त जागा खात नाही. तोंडी नकाराला काही अर्थ नसतो. अर्जाची पोच घ्या, समितीच्या बैठकीत विषय ठेवण्याची विनंती करा आणि ठरावाची प्रत मागा. शक्य असल्यास इमारतीतल्या इतर ज्येष्ठांच्या सह्या जोडा. अर्ज एका घराचा राहिला तर तो हट्ट ठरतो, पाच घरांचा झाला की ती गरज ठरते.

लिफ्टबद्दल विचारलेले नाही, पण तो विषय येणारच, म्हणून लिहितो. जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडणे तांत्रिकदृष्ट्या शक्य असते. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, नियोजन प्राधिकरणाची मंजुरी आणि राज्याच्या २०१७ च्या उद्वाहन कायद्यानुसार विद्युत निरीक्षकांचा परवाना लागतो. खरे भांडण पैशांवर होते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमांप्रमाणे) लिफ्टच्या देखभालीचा खर्च त्या इमारतीतल्या सर्व सदस्यांनी सारखा द्यायचा असतो, कोणी वापरो अथवा न वापरो, आणि तळमजल्यावरची मंडळी नेमकी याच्याच भीतीने उभारणीलाही हात वर करत नाहीत. आमच्याकडे हा विषय सहा वर्षांपासून पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे. मधल्या काळात चौथ्या मजल्यावरच्या काकू घराबाहेर पडेनाशा झाल्या. त्या कधीच पडल्या-झडल्या नाहीत, त्यामुळे त्यांची नोंद कोणत्याही रुग्णालयात सापडणार नाही.

करदाता

पायपाचा आणि लोंबकळणाऱ्या फिटरचा मुद्दा पटला. पूर्ण न्हाणीघरासाठी अनुदान देण्याला माझा विरोध कायम आहे; पण एखाद्या प्रशिक्षित माणसाने घरी येऊन पाहणे आणि छोटी कामे करून देणे, एवढे महापालिकेने करायला हरकत नसावी. आपल्या शहरात मालमत्ता कराची आकारणी करायला माणूस घरात येऊन प्रत्येक खोलीचे माप घेतो, तेव्हा माप घ्यायला माणसे मिळत नाहीत असे म्हणता येणार नाही.

फाईलवाला

हे मात्र माझ्या नोकरीत मला सुचले नव्हते.

तिसरा मजला (पुणे)

काय झाले ते कळवते. वडील परवा घरी आले. पलंगाखाली ठोकळे बसवले, कमोडवर उंच आसन घातले, दाराची चौकट काढून सध्या तिथे पडदा लावला आहे आणि वॉकर आता सरळ आत जातो. एकंदर खर्च नऊ हजारांच्या आत झाला. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन नोंदणी केली असून तपासणीची तारीख यायची आहे. सोसायटीच्या बैठकीत आमचा विषय चौथ्या क्रमांकावर ठेवला आहे आणि अर्जावर आता सात घरांच्या सह्या आहेत. त्यांतली एक त्या गृहस्थांच्या आईची आहे, ज्यांनी दुसरा कठडा कशाला असे विचारले होते.

दांडा काल बसवला. गवंडीदादा पुस्तकातल्या उंचीप्रमाणे खूण करायला निघाले होते. मी त्यांना थांबवले, वडिलांना कमोडच्या आसनावर बसवले आणि डोळे मिटून उठायला सांगितले. त्यांचा उजवा हात भिंतीवर जिथे टेकला तिथे पेन्सिलची खूण केली, आणि ती पुस्तकातल्या उंचीपेक्षा दोन इंच खाली आली. दांडा तिथेच आहे. गवंडीदादा त्याला लोंबकळले, मग त्यांचा मदतनीस लोंबकळला, आणि तिसऱ्यांदा वडील म्हणाले, आता पुरे, मला जायचे आहे.